वाटाड्याने न दाखविलेले व्हिएन्ना

इतिहास शिकविण्याचे काम शाळा आणि महाविद्यालये करतात, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात शिक्षण संपलेल्या प्रौढ माणसाला इतिहास भेटतो तो पुतळ्यांतून, रस्त्यांच्या नावांतून, चित्रपटांतून आणि अलीकडे फार मोठ्या प्रमाणावर सहलींतून. युरोपातील कोणत्याही जुन्या राजधानीत आज सकाळी दहाच्या सुमारास एखाद्या चौकात उभे राहिले, की हातातील छत्री उंच धरून उभा असलेला वाटाड्या आणि त्याच्या भोवती जमलेली पंधरा-वीस माणसे दिसतात. दोन-अडीच तासांची ही पायी फेरी म्हणजे उघड्यावर भरणारा इतिहासाचा तासच असतो. श्रोता पैसे मोजून आलेला असतो, त्याची ऐकण्याची तयारी असते, आणि जे ऐकले ते तो घरी परतल्यावर इतरांना सांगणार असतो. कोणत्याही प्राध्यापकाला हेवा वाटावा असा हा वर्ग आहे. म्हणून या वर्गाचा अभ्यासक्रम कोण ठरवितो, हा प्रश्न करमणुकीचा नाही, राजकारणाचा आहे. महाराष्ट्रातील मध्यमवर्गही आता मोठ्या संख्येने अशा फेऱ्यांना जाऊ लागला आहे, तेव्हा त्याची चर्चा या पानावर अस्थानी होणार नाही.

व्हिएन्नाचे उदाहरण घेऊ. तेथील नेहमीची फेरी साधारणतः ऑपेराच्या परिसरात सुरू होते. तेथून होफबुर्ग हा हाब्सबुर्ग सम्राटांचा प्रासाद, मग हेल्डेनप्लाट्झ म्हणजे वीरांचे मैदान, पुढे कोलमार्क्ट आणि ग्राबेन या श्रीमंती दुकानांच्या रस्त्यांवरून सतराव्या शतकातील प्लेगचा स्तंभ पाहत सेंट स्टीफनच्या प्रार्थनामंदिरापाशी ती संपते. वाटेत सम्राट फ्रान्झ जोसेफची दिनचर्या, १८९८ साली जिनिव्हात खून झालेल्या सम्राज्ञी एलिझाबेथचे सौंदर्य, मोझार्टचे कर्ज, चॉकलेटच्या केकवरून दोन मिठाईवाल्यांत झालेला खटला आणि कॉफीगृहांचा शिष्टाचार यांविषयी ऐकावयास मिळते. कॅफे सेंट्रलपाशी थांबून ट्रॉट्स्की येथे बुद्धिबळ खेळत असत, हेही सांगितले जाते. १९०७ ते १९१४ या काळात ट्रॉट्स्की व्हिएन्नात राहत होते, त्यामुळे त्यात खोटे काही नाही. परंतु समाजवादाचा या शहराशी असलेला संबंध एका रशियन निर्वासिताच्या बुद्धिबळापुरता उरावा, यातच सारी मेख आहे.

याबद्दल वाटाड्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रियात हा परवान्याचा व्यवसाय आहे. परीक्षा दिल्याशिवाय तो करता येत नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तेथे लाभलेल्या वाटाड्या बाई आपल्या विषयात चांगल्या जाणकार होत्या. प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. दोन तासांत पायी जेवढे हिंडता येते, तेवढेच दाखविता येते. तेवढ्या टापूत सम्राटांनी, सरदारांनी आणि धर्मपीठाने जे बांधले तेच दाटीने उभे आहे, कारण शहराच्या मध्यावरची जमीन नेहमी त्यांचीच होती. कामगार राहत असत ते तटाबाहेर. म्हणजे जमिनीच्या मालकीने आधी शहराचा नकाशा ठरविला, आणि आता त्या नकाशाने इतिहासाचा अभ्यासक्रम ठरविला आहे. त्यात पर्यटनाचा बाजार आपली भर घालतो. गिऱ्हाइकाला जे ठाऊक आहे तेच पुन्हा पाहावयास आवडते, आणि राजवाड्याला लागणारी जाहिरात गेली दीडशे वर्षे आयतीच होत आली आहे.

असे असले तरी त्या ठरलेल्या वाटेवरसुद्धा निराळा इतिहास जागोजाग उभा आहे. तो सांगण्यासाठी मार्ग बदलावा लागत नाही, फक्त प्रश्न बदलावा लागतो. हे कोणी बांधविले, असे न विचारता हे कोणी बांधले आणि कोणाच्या पैशाने, असे विचारावे लागते.

रिंगस्ट्रासे या वर्तुळाकार राजमार्गाचीच गोष्ट पाहा. १८५७ च्या डिसेंबरात सम्राटाने शहराचे तट पाडण्याची आज्ञा दिली आणि १८६५ च्या १ मे रोजी या मार्गाचे उद्‌घाटन झाले. तटाखालची मोकळी झालेली जमीन बँकवाल्यांना व उद्योगपतींना विकून आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. ऑपेरा, संसद, विद्यापीठ, नगरगृह, संग्रहालये ही सारी त्या काळातली. वाटाड्या शिल्पकारांची नावे सांगतो. विटा मात्र शहराच्या दक्षिणेस व्हिनरबेर्गच्या भट्ट्यांत भाजल्या जात होत्या, आणि त्या पाडणारे हात बव्हंशी बोहेमिया-मोराव्हियातून पोट भरण्यासाठी आलेल्या चेक स्त्री-पुरुषांचे होते. १८८८ च्या डिसेंबरात व्हिक्टर आडलर या डॉक्टरने त्या भट्ट्यांत जाऊन तेथील हकीकत आपल्या ‘ग्लाइखहाइट’ म्हणजे ‘समता’ या पत्रात छापली. मजुरांना वेतन नाण्यांत न देता पत्र्याच्या बिल्ल्यांत दिले जाई, ते बिल्ले फक्त भट्टीच्या आवारातील दुकानांत चालत, आणि तेथे निकृष्ट माल चढ्या भावाने घ्यावा लागे. रात्री ही माणसे एकाच खोलीत दाटीवाटीने, कधी भट्टीच्याच उबेला झोपत. उचल देऊन मजुराला बांधून ठेवणाऱ्या आपल्याकडील वीटभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पद्धत नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. त्या लेखमालेनंतर काही दिवसांतच, वर्ष पालटण्याच्या सुमारास, हाइनफेल्ड येथे आडलर यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियाचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष एकसंध झाला. रिंगस्ट्रासेचे वैभव आणि ऑस्ट्रियातील कामगार चळवळ ही एकाच विटेची दोन अंगे आहेत.

याच मार्गावर संसदेच्या शेजारी प्रजासत्ताकाचे स्मारक आहे. तीन साधे अर्धपुतळे, मागे दगडी चौकट. बहुतेक फेऱ्या तेथे थांबत नाहीत. हे तिघे म्हणजे व्हिक्टर आडलर, आठ तासांचा दिवस व कामगारांची हक्काची रजा कायद्यात आणणारे मंत्री फेर्डिनांड हानुश आणि व्हिएन्नाचे पहिले समाजवादी महापौर याकोब रॉयमान. १९२८ साली उभारलेले हे स्मारक १९३४ साली हटविण्यात आले आणि १९४८ साली परत बसविण्यात आले. तीन पुतळे हटविण्याइतके भय एखाद्या राजवटीला का वाटावे, हे समजून घ्यावयाचे असेल तर या तिसऱ्या माणसाच्या शहराकडे वळले पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य कोसळले आणि पाच कोटींच्या साम्राज्याची राजधानी पासष्ट लाखांच्या देशाच्या वाट्याला आली. शहरात उपासमार होती. क्षयरोग इतका, की त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत. कामगाराचे घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. पाण्याचा नळ व शौचकूप बाहेरच्या बोळात, सर्व मजल्याचा मिळून. भाडे परवडत नसल्याने घरातली एक खाट काही तासांपुरती परक्या माणसाला भाड्याने देण्याची रीत होती. दिवसपाळीचा कामगार उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होई. गिरणगावात पाळीपाळीने झोपणाऱ्या गाळ्यांची आठवण व्हावी, असेच हे चित्र.

१९१९ च्या मे महिन्यात स्त्री-पुरुषांच्या समान मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि समाजवाद्यांना निर्विवाद बहुमत मिळाले. १९२२ च्या आरंभी व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, आणि त्याबरोबर स्वतःचे कर बसविण्याचा अधिकार. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रयोगाचे खरे मर्म येथे सापडते. अर्थखाते सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर हे एके काळचे बँकेचे संचालक. त्यांनी दोन गोष्टी ठरविल्या. घरे कर्ज काढून बांधावयाची नाहीत, करातून बांधावयाची. आणि कर असा बसवावयाचा, की ज्याची ऐपत मोठी त्याच्यावर भार मोठा. मोटारी, शर्यतीचे घोडे, चैनीची खाद्यगृहे, करमणुकीची स्थळे यांवर कर बसला. घरात एकाहून अधिक नोकर असल्यास त्यांवर चढता कर बसला. १९२३ पासून खास गृहबांधणीसाठी राखून ठेवलेला एक चढता कर आला. त्याची चढण अशी होती, की शहरातील सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांकडून या कराचे जवळपास ४५ टक्के उत्पन्न येई. उरलेला बांधकाम खर्च शहराच्या इतर उत्पन्नातून भागे. जोडीला युद्धकाळापासूनचे भाडेनियंत्रण कायम राहिले. भाड्यातून नफा सुटेना, तेव्हा खासगी बांधकाम थांबले, जमिनीचे भाव पडले, आणि पडलेल्या भावात महापालिकेने जमीन विकत घेतली. भूभाड्याचा प्रश्न पुस्तकात सोडविणारे पुष्कळ झाले. एका नगरपालिकेने तो कायद्याच्या चौकटीत राहून व्यवहारात सोडविला, याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली आणि सुमारे दोन लाखांहून अधिक माणसे त्यांत राहावयास गेली. भाडे अर्धकुशल कामगाराच्या मिळकतीच्या सुमारे चार टक्के पडे, कारण त्यात जमिनीची किंमत व भांडवलावरील व्याज धरलेले नव्हते, फक्त देखभालीचा खर्च होता. प्रत्येक वसाहतीच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत कोरलेले असे, की ही इमारत व्हिएन्ना शहराने गृहबांधणी कराच्या पैशातून अमुक वर्षी बांधली. पैसा कोठून आला हे इमारतीवरच लिहून ठेवणारी दुसरी राजवट शोधावी लागेल.

या वसाहतींतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कार्ल मार्क्स होफ. कार्ल एन या वास्तुरचनाकाराने आखलेली आणि १९३० च्या ऑक्टोबरात खुली झालेली ही इमारत एक किलोमीटरहून अधिक लांब आहे. तीत १,३८२ घरे होती. जागेचा पाचवा हिस्सासुद्धा बांधकामाखाली नाही, बाकी सारे अंगण आणि बाग. आत दोन मोठी धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, ग्रंथालय, दातांचा दवाखाना, औषधांचे दुकान. युलिउस टांडलर या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने शहराचे आरोग्य व समाजकल्याण खाते चालविले. १९२७ पासून शहरात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी कपड्यांचा संच महापालिकेकडून विनामूल्य मिळू लागला, आईबापांची ऐपत न पाहता. हक्क आणि भिक्षा यांतील अंतर टांडलर जाणत होते.

या सर्व स्थळांना जाण्यास किती वेळ लागतो? शहराच्या मध्यापासून भुयारी रेल्वेने हाइलिगेनश्टाट या शेवटच्या स्थानकावर उतरावे, समोरच कार्ल मार्क्स होफ आहे. पाव तासाचा प्रवास. तेथील एका जुन्या धुलाईघरात २०१० पासून ‘लाल व्हिएन्ना’चे छोटे प्रदर्शनही आहे. पाव तासाचे हे अंतर बहुतेक फेऱ्या कापत नाहीत.

याच वर्षांत, याच शहरात, समाजवादाविरुद्धचे विसाव्या शतकातील सर्वांत बळकट आर्थिक युक्तिवाद आकार घेत होते, हेही वाटाड्याने सांगण्याजोगे आहे. लुडविग फॉन मीझेस यांनी १९२० साली समाजवादी अर्थव्यवस्थेत आर्थिक हिशेब अशक्य असल्याचे प्रतिपादन केले. फ्रीड्रिख हायेक यांनी १९२९ साली भाडेनियंत्रणावर टीका करणारी पुस्तिका लिहिली. त्यांना उत्तर देणाऱ्यांत कार्ल पोलान्यी होते. तेही तेव्हा व्हिएन्नातच राहून एका अर्थविषयक साप्ताहिकात लिहीत असत, आणि पुढे १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी व्हिएन्नाच्या या प्रयोगाचा गौरवाने उल्लेख केला. हायेक यांचा एक मुद्दा निकालात काढण्यासारखा नाही. भाडे गोठविले की खासगी बांधकाम थांबते, हे खरेच. परंतु त्यापुढे काय करावयाचे, याची उत्तरे दोन निघतात. भाडे मोकळे सोडावे, हे एक. बांधकाम समाजाने हाती घ्यावे, हे दुसरे. व्हिएन्नाने दुसरे उत्तर निवडले. ज्यांनी भाडे तर गोठविले आणि बांधकाम मात्र हाती घेतले नाही, त्यांची अवस्था मुंबईतल्या मोडकळीस आलेल्या उपकरप्राप्त चाळी रोज सांगत आहेत.

आता दुसरी बाजू. ही कथा आपण भक्तिभावाने सांगू लागलो तर सम्राज्ञीच्या सौंदर्यकथा सांगणाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरणार नाही. घरे लहान होती. बहुतेक ४० ते ५० चौरस मीटरच्या आतली, आणि न्हाणीघर घरात नव्हते. धुलाईघरात बायकांनीच यावे, हे गृहीत होते. त्याहून मोठी उणीव राजकीय होती. व्हिएन्नात पक्षाचे सुमारे चार लाख सभासद होते, निवडणुकीत साठ टक्क्यांच्या आसपास मते पडत. परंतु देशाच्या उरलेल्या भागात, खेड्यापाड्यांत, अल्पभूधारक शेतकऱ्यांत पक्षाची मुळे रुजली नव्हती. शेतीविषयक कार्यक्रम १९२५ साली आला, तोवर ग्रामीण भागावर धर्मपीठाची आणि त्याच्या पक्षाची पकड घट्ट झाली होती. एका लाल शहराभोवती काळ्या प्रांतांचे कडे पडले होते.

त्या कड्याने काय केले, हे क्रमाने पाहावे. १९२७ च्या जुलैत युद्धात अपंग झालेल्या एका माणसाच्या व एका बालकाच्या मारेकऱ्यांची निर्दोष सुटका झाली. संतप्त जमावाने न्यायमंदिर पेटविले आणि पोलिसांच्या गोळीबाराच्या त्या दिवशी ८९ माणसे प्राणास मुकली. ते न्यायमंदिर संसदेच्या मागेच आहे. १९३१ पासून केंद्र सरकारने व्हिएन्नाचा करातील वाटा कापण्यास सुरुवात केली. १९३३ च्या मार्चमध्ये चॅन्सेलर डॉलफुस यांनी संसदेचे काम बंद पाडले. पक्षाचे पुढारी ओटो बाउअर हे विद्वान आणि सज्जन होते, पण निर्णायक क्षण अजून यावयाचा आहे, असे मानून ते एकेक पाऊल मागे घेत गेले. अखेरीस १९३४ च्या १२ फेब्रुवारीला लिंझ शहरात कामगारांनी शस्त्रझडतीला विरोध केला, तो वणवा व्हिएन्नात पोचला, आणि सरकारी तोफा कामगारांच्या वसाहतींवर, कार्ल मार्क्स होफवरही, धडाडल्या. चार दिवसांत शेकडो माणसे मारली गेली. कार्ल म्युनिशराइटर या जबर जखमी कामगाराला उचलून फासावर नेण्यात आले. महापौर कार्ल झाइट्स यांना त्यांच्या नगरगृहातच अटक झाली. पक्ष आणि कामगार संघटना बेकायदा ठरल्या. वसाहतीचे ‘कार्ल मार्क्स’ हे नावही गेले, ते १९४५ नंतर परत आले. आज तिच्यासमोरच्या चौकाला १२ फेब्रुवारीचेच नाव आहे.

चारच वर्षांनी, १९३८ च्या १५ मार्चला, हेल्डेनप्लाट्झच्या त्याच मैदानावर हिटलरचे भाषण झाले आणि प्रचंड जमावाने त्याचा जयजयकार केला. कामगार चळवळ चिरडून आपण नाझींना थोपवू, असे म्हणणाऱ्यांनी त्यांना थोपवू शकणारी देशातील सर्वांत संघटित शक्तीच आधी मोडून ठेवली होती. ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार ज्यूंची पुढे हत्या झाली. टांडलर १९३६ साली मॉस्कोत वारले. ज्यू म्हणून आयुष्यभर शिव्या झेललेले ब्राइटनर १९४६ साली अमेरिकेत वारले.

आजच्या फेऱ्यांत या काळाचा उल्लेख येत नाही, असे नव्हे. आल्बर्टिना संग्रहालयासमोर आल्फ्रेड ह्रडलिच्का यांचे युद्ध व फॅसिझमविरोधी स्मारक १९८८ साली उभे राहिले. युडेनप्लाट्झ चौकात रेचल व्हाइटरीड यांचे ज्यू हत्याकांडाचे स्मारक २००० साली झाले. १८९७ ते १९१० या काळात महापौर असलेले कार्ल लुएगर यांनी गॅस, वीज व ट्रॅम महापालिकेच्या मालकीच्या केल्या, पण मते मिळविली ती ज्यूद्वेष पेटवून. त्यांचे नाव असलेला रिंगस्ट्रासेचा भाग २०१२ साली विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्यांच्या पुतळ्याचे काय करावे, यावर पुढेही वाद होत राहिला. यांतील एकही गोष्ट आपोआप झाली नाही. विद्यार्थ्यांनी, लेखकांनी, हयात राहिलेल्यांनी प्रत्येक दगडासाठी भांडण केले, तेव्हा तो दगड फेरीच्या वाटेवर आला. फेरीची वाट बदलता येते, याचा हा पुरावा आहे. मात्र एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. अत्याचाराचे स्मारक वाटेवर आले, पर्यायाचे आले नाही. बळी गेलेल्यांपुढे क्षणभर मान लवविण्यास पर्यटक तयार असतो. तोच पर्यटक स्वस्त घरे करातून बांधली गेली असे ऐकतो, तेव्हा त्याला आपल्या शहरातील घरभाडे आठवते, आणि तो प्रश्न विचारू लागतो. स्मरणापेक्षा हा प्रश्न अधिक अडचणीचा असतो.

तो प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, हे विशेष. २०२३ साली वीस लाखांची संख्या ओलांडलेल्या या शहरातील सुमारे निम्मे रहिवासी आजही महापालिकेच्या किंवा सार्वजनिक साहाय्याने बांधलेल्या घरांत राहतात. महापालिकेच्या मालकीची घरे सुमारे २ लाख २० हजार आहेत. अनेक युरोपीय शहरांनी आपली सार्वजनिक घरे गेल्या चाळीस वर्षांत विकून टाकली, व्हिएन्नाने विकली नाहीत. येथेही दोष आहेत. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कामगारांसाठी या घरांची दारे दीर्घकाळ बंद होती, ती २००६ नंतर किलकिली झाली. मधल्या काळात शहराने स्वतः नवी घरे बांधणे थांबविले होते, २०१५ साली ते पुन्हा सुरू करण्याचे ठरले. आणि पर्यटनाचा रेटा इतका, की राहती घरे पर्यटकांना वर्षातून ९० दिवसांहून अधिक काळ भाड्याने देण्यावर २०२४ च्या जुलैपासून निर्बंध घालावे लागले. म्हणजे सकाळी राजवाडा पाहणारा पाहुणा रात्री ज्या खोलीत झोपतो, ती खोलीसुद्धा या वादाचा भाग आहे.

आपला या शहराशी संबंध केवळ सहलीचा नाही. मुंबई इलाख्यातील १९१८ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याचे प्रवर्तक आणि १९२४ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झालेले विठ्ठलभाई पटेल १९३३ साली उपचारासाठी व्हिएन्नात होते. कलकत्त्याचे माजी महापौर सुभाषचंद्र बोसही तेथे होते. सविनय कायदेभंग स्थगित केल्याच्या निषेधाचे त्या दोघांचे संयुक्त पत्रक त्या वर्षीच्या मे महिन्यात व्हिएन्नातूनच निघाले. तेथील महापालिकेच्या कारभाराचे बोस यांनी बारकाईने अवलोकन केले आणि कलकत्त्याच्या महापौरांना त्याविषयी कळविले. तटबंदीआड पडलेल्या प्रासादांपेक्षा कामगारांच्या वसाहती त्यांना महत्त्वाच्या वाटल्या, यात नवल नाही.

आणि त्याच दशकात मुंबईत काय घडत होते? १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांत सुमारे १६ हजार गाळे. एकेक खोली, मजल्याला सामाईक शौचकूप. पैसा कर्जरोख्यांतून आणि कापसाच्या गाठीवरील एक रुपया पट्टीतून उभारलेला. कर्ज काढून बांधलेल्या घराचे भाडे कर्जाच्या हिशेबाने ठरते, आणि त्यामुळे ज्या कामगारांसाठी त्या चाळी होत्या, त्यांनाच ते जड जाऊ लागले. पुष्कळ गाळे काही काळ रिकामे पडून राहिले. सिमेंटही तेच, दशकही तेच. फरक होता तो सत्ता कोणाच्या हाती आहे आणि पैसा कोणाकडून घेतला जातो, एवढाच.

यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? ज्यांना परदेशी जाण्याचा योग येईल त्यांनी राजवाडे अवश्य पाहावेत. ते सुंदर आहेत, आणि ज्यांनी ते बांधले त्या गवंड्यांचा त्यांवर पहिला हक्क आहे. पण वाटाड्याला दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. येथे काम करणारी माणसे राहत कोठे होती, आणि आज या शहरातला कामगार मिळकतीचा कितवा हिस्सा भाड्यात घालतो. असे विचारणारे दहा निघाले, की अकराव्या फेरीत वाटाड्या स्वतःहून सांगू लागेल. गिऱ्हाइकाची मागणी बाजार फार लवकर ओळखतो, हा त्याचा गुण आपणही वापरून घ्यावा.

त्याहून महत्त्वाचे काम घरचे आहे. प्रभातफेरी आणि पदयात्रा हे शब्द आपल्या चळवळीला नवे नाहीत. पायी चालत लोकांशी बोलण्याची रीत स्वातंत्र्यलढ्याने आणि भूदानाने आपल्याला शिकविली. तीच रीत शहराच्या इतिहासासाठी का वापरू नये? प्रत्येक शहर शाखेने महिन्यातून एका रविवारी वीस-पंचवीस तरुणांना घेऊन दोन तास चालावे. गिरणीची जागा कोणाच्या हाती गेली, चाळ कोणी बांधली, पाण्याची नळजोडणी या वस्तीत कोणत्या लढ्यानंतर आली, मालमत्ताकर कोण किती भरतो, हे त्या त्या जागी उभे राहून सांगावे. जुन्या कामगारांना बोलते करावे. जेथे वाद असेल तेथे दोन्ही बाजू मांडाव्यात, पराभवही लपवू नयेत. व्हिएन्नाचे समाजवादी घरे बांधताना शहरापलीकडे पाहावयास विसरले आणि त्याची जबर किंमत मोजून बसले, हेही सांगावे. एका शाखेने येत्या हिवाळ्यात अशी एक फेरी काढली आणि तिचा वृत्तांत या साप्ताहिकाकडे पाठविला, तर हे लिखाण सार्थकी लागले असे मी समजेन.